अध्यक्षांच्या फोटोतला तांदूळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बाहेर चोरून खाल्लेली भजीसुद्धा सांगून टाकतो.

मी पवनीत वेबसाइट बनवतो. काही वर्षांपूर्वी शेतकरी गटाची बनवली. धानाचं बियाणं घरबसल्या नोंदवता यावं म्हणून. गटाची एकच अट — अंध माणसालाही वापरता आली पाहिजे. आता गटात अंध कोण? माझेच मामा! नजर गेलेली, पण बोलणाऱ्या फोनवर बोट फिरवून सगळं ऐकायचे. स्क्रीनवरची अक्षरं फोन आपली आपण वाचतो. फोटोला आणि चित्राच्या बटणाला मात्र बनवणाऱ्यानं आतून नाव द्यावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम.

मग मी काय केलं? तपासणारं सॉफ्टवेअर नाव आहे की नाही एवढंच बघतं, बरोबर आहे का ते नाही — म्हणून सगळीकडे एकच चिकटवलं: 'सुगंधी तांदूळ'. आणि जेवायला गेलो.

मामांचा फोन आला. "का गा भासा, अध्यक्षाच्या फोटोवर बोट ठेवलं त सुगंधी तांदूळ म्हणते! नोंदणीचं बटण शोधून राहिलो, तेबी तांदूळच. आता दाबू काय, शिजवू काय?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. आणि त्या हसण्यातच मी म्हणून गेलो — "मामा, तुमचा फोन जुना झाला."

"असन बापा," म्हणाले. झालं! डोळे गेल्यावरही बांधावर एकटा जाणारा माणूस स्वतःच्या बियाण्यासाठी सुनेला विचारू लागला, "झाली का वो बाई रिकामी?" तीन हंगाम. आणि मी दर दिवाळीला त्याच सुनेच्या हातच्या चकल्या खात होतो.

पुढे मी गुपचूप दुरुस्ती केली. पण मामांना कळवलं नाही — कळवलं असतं तर त्यांनी विचारलं नसतं का, बिघडलं कुठं होतं? आता फोटो असो की बटण, टाकतानाच नाव देतो; नंतरवर ठेवतच नाही. लोक म्हणतात, फार काळजीचा माणूस. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

यंदा मामांनी नवा फोन घेतला, बियाणं स्वतः नोंदवलं, आणि पहिला फोन मलाच केला. "तू बरोबर सांगत होता गा! जुना फोनच बैताड होता."

मी म्हणालो, "हो मामा."