आत्याचे खिळे
आमच्या गॅलरीत चित्र बघायचं तर कंबरेत वाकावं लागतं. गावातली टवाळ मंडळी तिला ‘बुटक्यांची गॅलरी’ म्हणतात आणि त्यांना वाटतं, आम्हाला ऐकू येत नाही. आत्या उंचीला जेमतेम, त्यात पाठ वाकलेली. गेली पन्नास वर्षं इथला प्रत्येक खिळा तिनेच ठोकलाय. कोणी कुरकुरलंच तर म्हणते, “वाका की जरा! कंबर काय भाड्याने आणलीय?”

गॅलरी आजोबांची. ते धक्क्यावर होड्यांवर नावं रंगवायचे आणि उरलेल्या रंगात फळकुटांवर समुद्र काढायचे. जाळी ठेवायची एक लांबट खोली रिकामी झाली, ती त्यांनी घेतली. समुद्राकडची भिंत फोडून मोठी खिडकी बसवली आणि दोन्ही बाजूंच्या लांब भिंतींवर चित्रं टांगली. ते गेले तेव्हा आत्या पंचविशीत. एकट्या पोरीला हे झेपणार का, म्हणणाऱ्या सगळ्यांना ती पुरून उरली. इतरांची चित्रंही घेऊ लागली, पण समुद्राचीच. पाणी संपून आकाश सुरू होतं ती रेघ तिरकी दिसली, म्हणून एका नावाजलेल्या चित्रकाराला तिने दारातूनच वाटेला लावलं होतं.

यंदा बाबांनी, म्हणजे तिच्या भावाने, कारभार माझ्याकडे दिला. मी म्हटलं, आधी चित्रं वर घ्यायची, माणसांच्या डोळ्यांसमोर. आत्याचा चेहराच उतरला.

“जिराफा, बाकी काय वाट्टेल ते कर. खिळ्यांना हात लावू नकोस.”

“का पण?”

“नको म्हटलं ना!”

कारण काही सांगेना. दोन दिवस अबोला. माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर असतो. तिसऱ्या दुपारी ती आडवी झालेली बघून मी पक्कड घेऊन गेले.

पहिलाच खिळा हातातून निसटला. शोधायला गुडघे टेकले, डोकं वर केलं आणि तशीच राहिले.

खिडकीत समुद्राची रेघ होती. तीच रेघ खिडकीतून निघून शेजारच्या चित्रात शिरली होती, तिथून पुढच्या चित्रात, थेट दारापर्यंत, दोन्ही भिंतींवर. सकाळचा, वादळातला, शेवाळी, राखाडी, तीस चित्रांत तीस समुद्र आणि रेघ एकच! अगं आई गं! उभी राहिले तर सगळं मोडलं, खिडकीतली रेघ वर गेली. बसले, पुन्हा जुळली. वेड्यासारख्या चार उठाबशा काढल्या.

“दिसलं वाटतं,” दारातून आत्या म्हणाली.

मी खाली बसूनच मान डोलावली.

“माणूस जेवढा उंच, तेवढी ती रेघ वर दिसते. म्हणून टांगणाऱ्याने चित्रातली रेघ आपल्या डोळ्याशी धरून टांगायचं. माझ्या बाबांची, तुझ्या आजोबांची रीत.” तिने भिंतीवरच्या बुजवलेल्या भोकांवर बोट ठेवलं. “ही वरची रांग बाबांची. ही माझ्या तरुणपणची. पुढे पाठ वाकत गेली, तशी मी खाली आणत गेले.”

आणि मला आजवर वाटायचं, हिचा नेम चुकतो!

“मग सांगायचं की गं!”

“सांगितलं असतं तर ‘हो का’ म्हणून मोकळी झाली असतीस.”

खरं होतं. मी खिळा परत ठोकायला घेतला. तिने माझा हात धरला.

“राहू दे. वर्ष झालं, आता मलाही जुळत नाही. पाठ अजून वाकली आणि हातोडा उचलवत नाही.”

“मग भांडलीस कशाला एवढं?”

“तू मोजायची टेप घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सोयीने लावणार होतीस. माझ्यामागे रेघ तुटली असती. आता लाव तुझ्या डोळ्याशी.”

चार दिवस लागले. मी उंचीने आजोबांवर गेलेय. माझे खिळे त्यांच्या भोकांच्या बोटभरच खाली बसले.

“जुळलं का गं?” आत्याने खालून विचारलं. चित्रं तिच्या डोक्यावर गेली होती, तिथून तिला काहीच जुळताना दिसत नव्हतं.

“जुळलं. तुला स्टूल देऊ?”

“स्टूल कसलं? बाबा मला कडेवर घेऊन दाखवायचे.”

मी हातोडा ठेवला, वाकले आणि तिला उचललं. केवढीशी झालीय! तिने माझ्या गळ्यात हात टाकला आणि गाल माझ्या गालाला टेकला.

“थोडं वर घे,” ती म्हणाली. “अजून. हां, जुळलं. आता हलू नकोस.”

हात भरून आले होते, पण मी हलले नाही.