काचेच्या टाकीतली फुलझाडं

आई पडली ती पाण्याच्या दिवशी. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यावं लागतं. सगळं भरून झाल्यावर ती उरलेली बादली घेऊन गॅलरीतल्या कुंड्यांकडे निघाली, ओल्या फरशीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती घरी आली तोवर गॅलरीतला मोगरा, सदाफुली, जास्वंद, सगळं वाळून गेलं होतं. मी दिवसभर चितेगावच्या कंपनीत आणि संध्याकाळी दवाखान्यात. कुंड्या मला आठवल्याही नाहीत.

आई गॅलरीच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. "गेलं का समदं," एवढंच म्हणाली आणि पलंगावर जाऊन बसली.

त्यानंतर ती उठायलाच तयार होईना. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांच्यासमोर जेमतेम चालायची. त्या गेल्या की भिंतीकडे तोंड. वाळूजला गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहून जिनं आम्हाला वाढवलं, तिला असं पडून राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ पुण्याला गेला तेव्हा त्याची माशांची टाकी माळ्यावर पडून राहिली होती. ती मी खाली काढली. आईला सांगितलं, "यात झाडं लावू. वरून काचेचं झाकण. आतलं पाणी काचेवर जमतं आणि पुन्हा मातीत उतरतं. रोज पाणी घालायचं कामच नाही."

"आन् फुलं?"

"फुलंपण येतील," मी म्हणाले. खरं तर मोबाईलवर पाहिलेल्या टाक्यांमध्ये नुसती पानं आणि शेवाळ होतं.

दौलताबाद रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून मी ऑफिस टाइम आणि कलांचो ही जाडसर पानांची फुलझाडं आणली. दोन्हींना पाणी कमी लागतं, म्हणून. टाकी आईच्या खोलीतल्या खिडकीत ठेवली. हिशेब तिथंच चुकला. अशा झाडांना हवाही कोरडी लागते. झाकणाखाली त्यांचे देठ मऊ पडले, मग मातीवर पांढरी बुरशी आली. ती आधी आईलाच दिसली.

"अगं, घामेजलेत ते," ती पलंगावरून म्हणाली. "मोगरा लाव की त्यापरीस."

मोगऱ्याला ऊन हवं, आणि तो टाकीत मावणार कसा? यावरून आमची बरीच हुज्जत झाली. पण त्या हुज्जतीतच मला नीट कळलं की आपल्याला काय हवंय. झाड बुटकं पाहिजे, दमट हवा सोसणारं पाहिजे आणि उन्हाशिवाय फुलणारं पाहिजे. पीस लिली मनात भरली होती, पण तिची पानं लवकरच झाकणाला टेकली असती. शेवटी आफ्रिकन व्हायोलेटची लहान जात आणि बारक्या पानांचा बिगोनिया, इतकंच ठरलं.

रोपवाटिकेतून मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"पांढरं नको," ती म्हणाली. "ते मागचं जांभळं दाखव. वास हाय का त्याला?"

"नाही."

"मग काय कामाचं?" तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "घे. बघू तरी."

तळाला खडी, वर कोळशाचे तुकडे, मग कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, मिसळलेली माती. आईच्या खोलीच्या खिडकीत ऊन येतं. तिथं काच तापून झाडं उकडली असती. म्हणून या वेळी टाकी स्वयंपाकघरात उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवली. मुद्दाम नाही, दुसरी जागाच नव्हती. पण पलंगावरून ती दिसत नव्हती. दोन-तीन दिवस आई मलाच विचारत राहिली, "कळी आली का?" मग एका सकाळी मागून वॉकरची खटखट ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही, चहात साखर घालत राहिले.

पहिलं जांभळं फूल उमललं, तेव्हा मला वाटलं ती ते वंदनेसाठी तोडेल. आमच्या घरात बुद्धमूर्तीपुढं रोज ताजं फूल असायचं, आणि ती पडल्यापासून ते बंदच झालं होतं. "राहू दे," ती म्हणाली. "मूर्तीच हिकडं आण." तेव्हापासून मूर्ती टाकीशेजारच्या स्टुलावर आहे.

या झाडांचं फार काही करावं लागत नाही. काचेवर जास्त पाणी साचलं की झाकण थोडं सरकवायचं, आणि सुकलेलं फूल लगेच काढायचं, नाहीतर बुरशी धरते. झाकण जड आहे, ते माझं काम होतं.

एकदा कंपनीतून आले तर झाकण ओट्यावर होतं आणि वॉकर आतल्या खोलीत. आई टाकीशी उभी राहून चिमटीनं सुकलेली फुलं खुडत होती.

"आई! पुन्हा पडलीस म्हणजे?"

"नाय पडत," ती मागे न बघता म्हणाली. "तुझी वाट बघत बसले असते, तर बुरशी लागली असती."

मला राग आला होता, आणि हसूही आवरेना. मी पर्स खाली ठेवली आणि तिला बिगोनियाचा वाढलेला शेंडा कापायचा होता, म्हणून कात्री आणून दिली.