कान लावणारा मिस्त्री

देवासच्या टेकडीखालच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या कानावर भरवसा ठेवून लोक लांब बागलीहून गाड्या आणायचे. डोळे मिटून तो ॲक्सिलेटर पिळायचा आणि आवाजावरून बिघाड सांगायचा.

माझी नवी बॅटरीवाली स्कूटर झटके द्यायला लागली, म्हणून त्याच्याकडे नेली. त्याने डोळे मिटून मूठ पिळली. आवाज येईना, म्हणून आणखी पिळली. स्कूटर मुकाट्याने जाऊन भिंतीवर आदळली.

त्याने हँडलची मूठ खोलली. आत चुंबक आणि तीन बारीक वायरी.

"भिया, यात ओढणारी केबलच नाही. किती पिळलं, एवढंच हे चुंबक आत कळवत असेल."

"कोणाला?"

त्या वायरी जात होत्या त्या सीटखालच्या बंद डब्याला त्याने कान लावला आणि मला गप्प राहायची खूण केली.

मला काहीच ऐकू आलं नाही. त्याला आलं का, हे विचारायचा धीर झाला नाही.