अण्णाच्या वाटणीची आंबील

लिहिण्याइतकी माझी पोच नाही, माफ करा. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून धीर करतो.

थोरला भाऊ, आमचा अण्णा, इंग्रजांच्या पलटणीतून वायव्य सरहद्दीच्या डोंगरात बंडखोर टोळ्यांशी लढायला गेला होता. वेळअमावस्येला, शेतात जाऊन जेवायच्या सणाला, आमच्या कमठाणा गावच्या शेतात मायनं त्याच्या वाटणीची आंबील वेगळी काढली. मी उर्दू अखबार वाचून सांगितलं, "डोंगर साफ झाले म्हणं."

"मागल्या साली बी हेच वाचलास. मग पोरगं कामून येईना?"

"तेवढं अखबारात न्हाई, माय."

"मग कशाला शिकायलास रे?"

मला राग आला. कुणावर, ते कळेना. ती आंबील तिनं कुणालाच पिऊ दिली नाही.

उन्हाळ्यात त्याच्याच पलटणीतला, निर्णा गावचा शिपाई रजेवर आला, तेव्हा कळलं. अमावस्येच्या आधीच, त्या साफ झालेल्या डोंगरावर अण्णा गोळी लागून पडला होता.