गडगा हवा की काका

आमचे शेजारचे काका पोफळीच्या वीजघरातून निवृत्त होऊन वाडीत राहायला आले आणि वाडीची शांतता संपली. हे मी तेव्हाही बोलून दाखवत होते आणि आजही बोलते. त्या माणसाबद्दल मला माया आहे, म्हणून काय खरं बोलायचं सोडू?

वीजघरात त्यांचं काम म्हणे ठरल्या वेळी फेरी मारायची आणि मीटरचे सगळे काटे जागच्या जागी आहेत ना ते बघायचं. वाडीत काटे कुठले असणार? मग ते आमच्या कड्या बघायला लागले. दिवेलागणीला कानाला मफलर, हातात काठी आणि दारोदार एकच प्रश्न, "कडी लावलीस काय गो?" अहो, घरात माणसं बसलीयत, उंबऱ्यावर पोरं खेळतायत, कडी कशाला लावायची? पण त्यांना ते पटायचं नाही. गोठ्याचं दार ओढून बघायचे, विहिरीवर राहिलेली कळशी उचलून कुणाच्या तरी पायरीवर ठेवायचे, चूल विझली का म्हणून थेट आमच्या स्वयंपाकघरात डोकवायचे. त्यांची बायको, आमची काकू, कपाळावर हात मारून म्हणायची, "लग्नाच्या रात्रीसुद्धा उठून दाराची कडी बघून आले होते हे!"

मी तेव्हा लोट्याला एका कारखान्यात पॅकिंगला जात होते. मुंबईत गिरण्यांचा संप झाला, नवऱ्याची गिरणी बंद पडली ती पडलीच. तो तिथं मिळेल ते काम शोधत होता आणि इथं सासू, सासरे, दोन पोरं माझ्या पगारावर होती. आमची वाडी डोंगरउतारावर, खाली हमरस्ता. मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, तिला आम्ही पाखाडी म्हणतो. कंपनीची बस मला पाखाडीच्या पायथ्याशी सोडायची, आणि वर पहिल्या वळणावर काका उभे.

"आली गो आली, सून आली!" अशी आरोळी ठोकायचे. सगळ्या वाडीला कळायचं. मग चौकशी. उशीर का झाला, बस कुठं अडली, बरोबर उतरला तो कोण. माझं डोकं असं फिरायचं! दिवसभर खोकी भरून पाय मोडलेले, आणि वर ही हजेरी. मी काय पळून जाणार होते?

बरं, मला एकटीलाच त्रास असता तर सोसला असता. दर सणाला येणारा कासार यांच्या उलटतपासणीला कंटाळून यायचा बंद झाला. बायकांना बांगड्या भरायला खेडला जावं लागायला लागलं. एकदा माझा सख्खा भाऊ भेटायला आला, तर त्याला वळणावर उभा करून गाव, आजोळ, कुणाचा कोण, सगळं विचारून घेतलं. भाऊ घरात येऊन म्हणतो, "ताई, तुझ्याकडं यायला पासपोर्ट लागतो काय?" सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर देव मला माफ करणार नाही. आमची गाय दावं गळ्यात अडकून तडफडत होती, ती काकांनी सोडवली. शेजारच्या गवताच्या माचीला, म्हणजे गंजीला, ठिणगी लागली, ती यांनीच बघितली. आणि त्या वर्षांत भीतीही खरी होती. लोट्याला कारखाने आले तशी आम्हाला नोकरी मिळाली, पण रस्त्यावर अनोळखी माणसंही वाढली. त्यांतली बहुतेक आमच्यासारखीच पोटामागं आलेली. पण कुणाच्या पडवीतून तांब्याचं घंगाळ गेलं, कुणाचा हंडा गेला. मग वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या घराचं कुलूप भरदिवसा फोडलं. ती शेतात होती आणि काका नेमके खेडच्या बाजाराला गेले होते. काकू सांगत होती, दोन दिवस त्यांनी पानाला हात लावला नाही.

रविवारी सकाळी देवळात सभा भरली. बाप्ये सभामंडपात, आम्ही बायका पायऱ्यांवर. पुढाऱ्यांनी ठरवूनच आणलं होतं: पाखाडीच्या तोंडाशी गडगा रचायचा, म्हणजे दगडांची भिंत, वर करवंदीच्या काट्या. येणाऱ्याजाणाऱ्यानं मागच्या गाडीवाटेनं जावं. एकच वाट राहिली की लक्ष ठेवायला सोपं.

"आणि मग काकांना पण फेरीतून सुट्टी," एकजण म्हणाला. "त्यांनाही आराम, आपल्यालाही आराम."

सगळा मंडप हसला. सासरेसुद्धा हसले. काका खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला.

खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. सुटलो एकदाचे! पण मग मी कुठून येणार? गाडीवाट काजूंच्या झाडीतून येते, तिच्यावर एक घर नाही. आणि सासऱ्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "गाडीवाटेनं काळोखातून एकटीनं यायचं असेल तर नोकरी पुरे." त्यांचंही काय चुकलं? त्यांना माझी काळजी होती. पण नोकरी गेली असती तर पोरांच्या ताटात मी काय वाढलं असतं?

पलीकडं ती म्हातारी बसली होती. गडगा तिच्यासाठीच घालायचा होता. तिच्यादेखत गडग्याला नको कसं म्हणायचं? पण उद्याची बस डोळ्यापुढं आली आणि मी उठले. सून असून, सासऱ्यांदेखत.

"मला गडगा नको," मी म्हटलं. "मला काका पायजेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. आता तोंड उघडलंच होतं, मग मी थांबते कसली!

"ते छळतात, हे मीच सगळ्यांत जास्त बोलते. माझ्या भावाला छळलं, कासार घालवला. पण त्या वळणावर आपलं माणूस उभं आहे, म्हणून मी लोट्याला जाते. मी हाक मारली तर गडगा ओ देणार आहे काय?"

सासरे जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, झालं, आता घरी माझं काही खरं नाही. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "खरं हाय तिचं. मी वरडले तर गडगा धावत येणार न्हाय. ह्या माणसाला तेवढा माझ्या दारापर्यंत फिरवा."

मग बरीच वादावादी झाली, पण गडगा रचायचा बेत रद्द झाला. काकांना अटी घातल्या: पाहुण्याला एकच प्रश्न विचारायचा, कुणाच्या स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. त्यांनी मान हलवली. अटी पाळल्या का? छे! तिसऱ्याच दिवशी आमच्या चुलीपाशी हजर. कासार मात्र परत आला, एवढं खरं. चोर कधी सापडला नाही. काकांच्या धाकानं चोऱ्या थांबल्या की चोरानंच गाव बदललं, देव जाणे. घरी सासऱ्यांनी तो विषय काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा माझा डबा त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

त्या आठवड्यात काकू झाकलेल्या ताटलीत घावनं घेऊन आली. मला वाटलं, काहीतरी उसनं मागायला आली असेल. ती पडवीत बसली आणि रडायलाच लागली.

"तुझे उपकार झाले गो बाय."

"अहो काकू, उपकार माझ्यावर झाले! त्यांच्या जिवावर तर मी नोकरी करते."

"तसं नव्हं. पोफळीहून आल्यापासून माणूस दिवसभर आढ्याकडं बघत पडून असतो. कुणी बोलवत न्हाय, कुणी विचारत न्हाय. तुझ्या बसची वेळ झाली की तेवढा उठतो, तोंड धुतो, चपला घालतो, मग फेरीपण होते. सभेतनं आला आणि मला म्हणाला, तिला मी पायजे." तिनं पदरानं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "पण रविवारी तुझी बस नसते. रविवारी मी ह्या माणसाचं काय करू, तेवढं सांग."

मला रडू आवरेना. घावनं तशीच राहिली.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी मी लुगडं नीट करून, पिशवी घेऊन खाली रस्त्यावर जायची आणि थोडा वेळ थांबून परत वर यायची. काम काहीच नसायचं.