राजाच्या कुत्र्यांचं घराणं

आपण लग्न करतोय तो मुलगा हंगेरीचा आहे, असं लेकीने ग्लासगोहून फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी अबोलाच धरला. मग एका संध्याकाळी मुलाचं आडनाव इंटरनेटवर शोधून काढलं. मध्ययुगातलं उमराव घराणं, राजाने दिलेली जमीन, ढालीवर स्वतःचं चिन्ह! अबोला तिथेच संपला. पुण्याला फोनावर फोन झाले, "सरदार घराणं आहे." खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. जावेला तर मी ते पुन्हा पुन्हा ऐकवलं.

मुलाचे वडील लेकीबरोबर इंग्लंडात ब्रॅकनेलला आमच्या घरी जेवायला आले. माणूस साधा, शाळेत इतिहास शिकवणारा. आमच्यासारखा हाताने आमटीभात कालवून जेवत होता. ह्यांना दम कुठला! पहिल्या घासालाच घराण्याचा इतिहास विचारला.

ते खुलले. त्यांचा माहीत असलेला सगळ्यात जुना पूर्वज राजाच्या शिकारी कुत्र्यांना खाऊ घालायचा. स्वतःची जमीन नाही, राजाला न विचारता गाव सोडायची मुभा नाही. त्याचा नातू लढाईत राजाच्या बाजूने उभा राहिला, म्हणून जमीन आणि मान मिळाला. पुढच्यांनी भांडून जमीन घालवली. ढालीवर मात्र कुत्रा अजून आहे. "आम्हाला अभिमान त्या कुत्र्याचाच," म्हणून ते मनापासून हसले.

ह्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांना मराठी कळत नाही, म्हणून माझ्याकडे वळून सरळ म्हणाले, "कुत्री सांभाळणारे निघाले की गं! पुण्याला कळायला नको हे."

लेक समोरच बसली होती. इथेच जन्मली, तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण कळतं सगळं. आणि मी ह्यांना काय म्हणाले? "अहो, हळू बोला."

काय म्हणाले ते, असं पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं. "त्यांना तुमचा इतिहास फार आवडला," असं सांगून मी त्यांना आणखी भात वाढला. त्यांनी छातीवर हात ठेवून ह्यांचे आभार मानले. मला ताटातून मान वर करवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लेक ताटं घेऊन किचनमध्ये आली. "लग्न आम्ही रजिस्ट्री ऑफिसमध्ये करतोय. तुम्हा दोघांना बोलवायचं का, आय हॅवन्ट डिसायडेड."

"अगं, बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी कधी असलं बोलले का?"

"बाबांचा मला माहीत होता, आई." तिने ताटं सिंकमध्ये ठेवली. "पण तू त्यांना गप्प बसा नाही म्हणाली. हळू बोला म्हणाली."