हिराकाकीचं दार

हिराकाकी गेली हे मला पालघरला कळलं. सासूबाईंच्या औषधांसाठी मी दवाखान्याच्या रांगेत उभी होते आणि ह्यांचा फोन आला. "अगं, हिराकाकी गेली. सकाळी भात लावला, आणि बसल्या जागीच…" माझा चेहरा बघून रांगेतल्या बाईने विचारलं, "कोण होत्या तुमच्या?" नात्याची ती नव्हती. शेजारीण म्हणावं, तर मधे बरीच बिऱ्हाडं. शेवटी मी म्हणाले, "तिच्या घरातून आम्ही जायचो." ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिला रांगेत समजावून सांगणं शक्य नव्हतं, म्हणून आता काही आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

बोईसरजवळ सालवडला आमची गल्ली आहे. मी लग्न होऊन सांगलीकडून इथे आले तेव्हा रिक्षा थेट दारापर्यंत आली होती. हे आता सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. मग कारखान्यांत कामाला माणसं येत गेली, खोल्यांना भाडेकरू मिळू लागले, आणि गल्ली अंग चोरू लागली. आधी कुणी पायरी पुढे घेतली, मग कुणी मोरी बाहेर काढली, मग वरच्या खोल्यांसाठी जिने उतरले. एकट्या कुणी गल्ली गिळली नाही, सगळ्यांनी थोडी थोडी चाखली. आमचाही जिना तिच्यातच उभा आहे. आता वर बघावं तर कपड्यांच्या दोरीएवढं आभाळ दिसतं, आणि भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडावे लागतात. कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, कोण कुणाशी अबोला धरून बसलंय, कुणाच्या घरी आज मुलीला बघायला येणार आहेत, सगळं सगळ्यांना ठाऊक. इथे माणसाला धड एकट्याने रुसताही येत नाही. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी आणि भिंत यांच्या मधे एक वळण आहे. बाहेर पडायची वाट तेवढीच, आणि तिथून आडवं होऊनच जावं लागतं. त्या वळणाला लागून हिराकाकीची खोली होती. तिला दोन दारं, एक गल्लीत उघडणारं आणि दुसरं थेट रस्त्यावर.

वळण अरुंद झाल्यावर गल्लीत पहिल्यांदा वारले ते तात्या शिंपी. अंगाने भरलेले, हसतमुख गृहस्थ. तिरडी त्या वळणावर वळेचना. माणसांनी खूप खटपट केली, मग नाइलाजाने दोऱ्या सोडल्या आणि तात्यांना उभं केलं. एकाने मागून काखेत हात घातले, एकाने पाय धरले, आणि लाकडी कपाट वळवावं तसं त्यांना वळवून नेलं. त्यांची मान एका खांद्यावर कलली… ते बघवत नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. तेव्हा त्या चांगल्या हिंडत्या-फिरत्या होत्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "माझं आसं करू नका गं पोरी."

त्याच संध्याकाळी हिराकाकी घरोघर फिरली. तिचं माहेर पालघरजवळचं माहीम, बोलणं तिकडचंच आणि आवाज समुद्रावरून हाक मारावी असा. "यापुडं कुनाला असं उबं करून न्यायचं नाय. माज्या घरातून न्या." तिच्या नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही. शिजल्या अन्नाच्या घरातून परक्याचं प्रेत न्यायचं म्हणजे आपल्या हाताने अपशकुन ओढवून घ्यायचा, असं तो सगळ्यांसमोर बोलला. ती शांतपणे म्हणाली, "परका कुटला? कालपर्यंत माज्या नळावर पानी भरत होता."

तेव्हापासून ती रीतच पडली. गल्लीत कुणी गेलं की हिराकाकी गॅस बंद करायची, पातेलं खाली उतरवून झाकून ठेवायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. माणसं तिरडी घेऊन तिच्या खोलीतून सरळ रस्त्यावर जायची. मग ती फरशी पुसायची, डोक्यावरून पाणी घ्यायची आणि पुन्हा स्वयंपाकाला लागायची. मेलेल्यांच्या मागोमाग जिवंतांनीही तोच रस्ता धरला. शाळेची मुलं, सिलिंडर, फ्रीज, एकदा तर मुंडावळ्यांसकट नवरी तिथून गेली. काकीची अट एकच, चपला हातात घ्यायच्या आणि मधे रेंगाळायचं नाही. कढईत काय आहे हे वाकून बघणाऱ्याला ती अशी झापायची, की तो पुन्हा महिनाभर वळणावरूनच जायचा. मी कामावर निघाले की ती बहुधा बोंबील साफ करत बसलेली असे. "थांबू नको गो, साडीला वास लागंल," म्हणायची. वास लागायचाच. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, मी मासे खाते.

आमच्या वरच्या खोलीत बिहारचे दोन भाऊ भाड्याने राहत. थोरला काविळीने गेला. धाकटा प्रेत खाली आणून गल्लीत नुसता उभा होता. कुठून न्यायचं, कुणाला विचारायचं, त्याला काही सुचत नव्हतं. हिराकाकी दारातून म्हणाली, "खडा कायको है? इदर से लाव. दरवाजा खुला हाय." मग तिने त्याला विचारलं, "भाई का नाम क्या था?" रामसेवक, तो म्हणाला. इतकी वर्षं डोक्यावर राहणाऱ्या माणसाचं नाव आम्हाला त्या दिवशी कळलं.

पण या दाराने तिचं स्वतःचं घर कधी घर राहू दिलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. तिचा मुलगा नितीन त्या ये-जा करणाऱ्या पायांमधे बसून शिकला. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा काकीने मधे एक जुनी साडी बांधली आणि पलीकडून माणसं जातच राहिली. तो शेवटचा श्वास घेत होता त्याच वेळी कुणीतरी खांद्यावर सिलिंडर घेऊन आत आलं आणि म्हणालं, "काकी, जरा सरका." नितीन तिथेच उभा होता. पुढे नोकरी लागली तसा तो विरारला गेला, तो पाहुण्यासारखा येत राहिला. मी एकदा तिला म्हणालेही होते, थोडे दिवस बंद ठेवा ना दार. तर म्हणाली, "नि तेवड्यात कुनाचं मानूस गेलं तर? उबं करतील गो त्याला." मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की तिने नितीनवर अन्याय केला. आणि तिने ते दार बंद केलं असतं तर आम्ही सगळ्यांनी तिला नावं ठेवली असती, हेही मला माहीत आहे.

पालघरहून मी रस्त्याच्या बाजूने पोचले. काकीला खोलीच्या मधोमध ठेवलं होतं. भाताचा कुकर अजून शेगडीवरच होता. रामसेवकच्या भावाने कुणी न सांगता तो खाली उतरवला, वर ताट झाकलं आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिला वळण लागलंच नाही. स्वतःच्या दारातून ती सरळ रस्त्यावर गेली. सगळे गेल्यावर लक्षात आलं, की आता फरशी पुसायला कुणी नाही. मी बादली भरली आणि पुसायला बसले. तेव्हा मला रडू आलं, ते बराच वेळ थांबलं नाही.

तेरावं झाल्यावर नितीनने खोली मोबाईलच्या दुकानाला दिली. दुकानाला मागची भिंत हवी, म्हणून गल्लीकडचं दार विटांनी चिणलं. काम चालू असताना मी त्याच्याशी बोलायला गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, माझे बाबा गेले तेव्हा कुणी थांबलं होतं का?" त्याचे डोळे भरले होते. मी वळणावरून, आडवी होऊन, घरी आले.

सासूबाई पावसाळ्यापासून अंथरुणावर आहेत. डॉक्टर आता फारसं काही सांगत नाहीत, औषधं तेवढी बदलतात. हिराकाकी गेल्याचं त्यांना माहीत आहे. दाराचं आम्ही सांगितलेलं नाही. परवा बाजारातून भाजी घेऊन आले आणि रस्त्याकडच्या दारापाशी सवयीने वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या. समोर दुकान, त्याच्या मागच्या भिंतीत विटा, त्यांवर अजून गिलावासुद्धा नाही. तशीच अनवाणी, वळणावरून, घरी आले. सासूबाई जाग्या होत्या. माझ्या हातातल्या चपला त्यांना दिसल्या आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"हिराचं दार उघडं हाय न्हवं अजून?"

"उघडं आहे," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मी चपला खाली ठेवल्या.